खोलीपुरतं लागत नाही

ती गेल्याचं कळलं तेव्हा तो सर्व्हर बंद करून पुन्हा सुरू करत होता.

सकाळी तिनेच त्याला दवाखान्यातून पिटाळलं होतं. "जा, ते काम उरकून ये. वाचनालयाचं पान बंद असेल, लोक खोळंबले असतील. मी कुठे पळून जातेय?" एक-दोन दिवसांत घरी सोडू असं डॉक्टरही म्हणाले होते, म्हणून तो गेला. काम काही मोठं नव्हतं. डेटाबेसच्या जोडणीची ओळ बदलली की सर्व्हर एकदा पूर्ण थांबवून परत उठवावा लागतो, तेवढंच. त्याने तो थांबवला, उठवायला घेतला, पडद्यावर ओळी येऊ लागल्या, आणि खिशातला फोन थरथरला.

फोन सासूबाईंचा होता. त्या रडत नव्हत्या. "या आता," म्हणाल्या. "घाई करू नका. घाई करण्यासारखं काही राहिलं नाही."

तो तिथेच उभा राहिला. सगळं ठीक आहे असं सर्व्हरने कळवेपर्यंत उभा राहिला, मग दिवा मालवून निघाला. नंतर बाबांनी विचारलं, "एवढा वेळ का रे लागला?" काम उरकून ये असं ती म्हणाली होती, आणि त्याच्या डोक्यात तेवढंच होतं.

पण ही गोष्ट त्या दिवसाची नाही. ती भेटली त्या दिवसापासूनची आहे. आणि भेटली तेव्हा ती भांडायला आली होती.

तो ज्या कचेरीत होता ती कचेरी लहान-लहान संस्थांची संकेतस्थळं सांभाळायची. वाचनालय, पोहण्याचा तलाव, गाण्याची शाळा... सगळ्यांना मिळून एक सर्व्हर, आणि त्या सर्व्हरला मिळून हा एक माणूस. यंत्राच्या खोलीत यंत्रासाठी गारवा ठेवलेला. बाहेर माणसं घामाने भिजलेली असायची आणि हा आत लोकरी बंडी घालून बसायचा. त्या खोलीत खाणंपिणं बंद. म्हणून दुपारचा डबा तो जिन्यावर बसून खायचा.

असाच एकदा बसला होता. मांडीवर डबा, तोंडात घास. खालून पावलं वाजली, भराभरा, रागाने टाकलेली. वळणावर एक मुलगी आली. हातातली छत्री निथळत होती आणि चष्म्यावर वाफ धरली होती, त्यामुळे तिला समोर कोण बसलंय ते धड दिसत नव्हतं.

"सर्व्हरवाले कुठे बसतात हो?"

त्याने घास गिळला. "काय काम होतं?"

"भांडायचंय त्यांच्याशी."

"ते... जेवायला बसलेत."

"कधी उठतील?"

"भांडण केवढं आहे त्यावर आहे."

तिने चष्मा काढला, रुमालाने पुसला, परत लावला. मग त्याच्याकडे नीट बघितलं. ऐन उकाड्यात लोकरी बंडी.

"तुम्हीच ना ते?"

"हो."

"मग जेवून घ्या आधी. उपाशी माणसाशी भांडण्यात मजा नाही." आणि ती खालच्या पायरीवर बसून राहिली, छत्री टेकवून, त्याच्याकडे पाठ करून.

पाठ करून बसलेल्या माणसासमोर जेवणं किती अवघड असतं ते त्याला त्या दिवशी कळलं. केसांतून एक थेंब तिच्या मानेवर उतरत होता. तो थेंब कुठवर जातो ते बघण्यात त्याचा निम्मा डबा तसाच राहिला.

"झालं?" तिने न वळता विचारलं.

"झालं."

"आम्ही तुम्हाला एवढं सविस्तर लिहून पाठवलं. उत्तर काय आलं? 'होणार नाही.' दोन शब्द! का नाही, कशामुळे नाही, काही नाही."

"होणार नाही म्हणून तसं लिहिलं."

"अहो, पण माणूस कारण तरी देतो! डॉक्टरसुद्धा देतात."

ती वाचनालयातली होती. तिथल्या संगणकाचं सगळं काम तीच बघायची. तिची मागणी साधी होती. पुस्तकांचा डेटाबेस वेगळा आहे, तो फक्त वाचनालयाच्या पानांना जोडून द्या. बाकीच्यांचं जसं आहे तसं चालू द्या.

तो तिला यंत्राच्या खोलीत घेऊन गेला. आत पाऊल टाकताच ती शहारली. ओले केस, वर तो गारवा. खुंटीवर त्याची जुनी बंडी होती, ती त्याने काढून दिली. तिने ती घातली तर तिचे दोन्ही हात कोपरापासून पुढे दिसेनासे झाले.

"बंडीला बाह्या?" ती म्हणाली.

"आईने विणली होती. विणता विणता तिला थांबायचं कळलं नाही."

ती हसली. भांडायला आलेल्या माणसाने हसावं तशी, ओठ दाबून.

"हे बघा," तो म्हणाला, "संकेतस्थळ म्हणजे एक घर धरा. वाचनालय ही त्यातली एक खोली. तलाव दुसरी. गाण्याची शाळा तिसरी."

"धरलं."

"डेटाबेस कुठला जोडायचा ती ओळ घराच्या दारावर लिहावी लागते. खोलीत लिहून चालत नाही. खोलीपुरतं लागत नाही ते."

"कोण म्हणतं?"

"ज्यांनी तो भाग बनवला ते."

"डोकं फिरलं होतं का त्यांचं?"

"नाही. उलट विचार केलाय त्यांनी." आता तो आपल्या मुलखात आला होता, त्यामुळे त्याची जीभ सुटली. "सर्व्हर उठतो ना, तेव्हाच तो डेटाबेसशी चार-दोन जोडण्या करून ठेवतो. कोणी यायच्या आधीच. म्हणजे आलेल्या माणसाला ताटकळत बसावं लागत नाही. पण येणारा माणूस कुठल्या खोलीत शिरणार, हे त्या वेळी त्याला कसं माहीत असणार? जो अजून आलाच नाही त्याच्यासाठी तयारी करायची, तर ती सगळ्या घरासाठी मिळून एकच करावी लागते."

ती लांब बाह्यांत हात गुंडाळून यंत्राच्या हिरव्या दिव्यांकडे बघत राहिली.

"हे असं नीट लिहिलं असतंत," ती म्हणाली, "तर मला यावंच लागलं नसतं."

"बरं झालं नाही लिहिलं," तो बोलून गेला. आणि एवढ्या थंडीत त्याचे कान तापले.

"काय म्हणालात?"

"काही नाही... पंख्याचा आवाज असेल."

ती सहजासहजी मानणारी नव्हती. "एकदा लिहून तर बघा खोलीत," म्हणाली. त्याच्याकडे सरावासाठी सर्व्हरची एक वेगळी प्रत होती. त्यात त्याने तिच्यादेखत ती ओळ वाचनालयाच्या कप्प्यात लिहिली आणि प्रत उठवायला घेतली. ती उठलीच नाही. पडद्यावर उत्तर आलं, की ही ओळ या ठिकाणी लिहायला परवानगी नाही.

तिने त्याच्या खांद्यावरून वाकून वाचलं. "उर्मट आहे हो तुमचं यंत्र."

"माझ्या संगतीला राहून झालंय."

"नाही, तुमच्यापेक्षा बरं आहे. ते निदान एक वाक्य पूर्ण करतं."

दुसरा एक मार्ग होता. तो त्याला चांगला माहीत होता. पण त्याला वरच्यांची परवानगी लागली असती, थोडी खटपट करावी लागली असती. उद्या सांगू, असं त्याने ठरवलं. दुसऱ्या दिवशी ती पुन्हा आली. मग त्याने ठरवलं की परवा सांगू.

तोवर जमेल तसं करायचं ठरलं. पुस्तकं सगळ्यांच्या सामाईक डेटाबेसमध्येच हलवायची. त्यासाठी तिला वरचेवर यावं लागलं. जिन्यात डबा आता दोघांत खाल्ला जायचा. तिने त्याचं नाव 'होणार-नाही' ठेवलं. वाचनालयातून फोन यायचा, तोही तसाच. "होणार-नाही आहेत का?" कचेरीतले लोकही मग त्याला त्याच नावाने हाक मारू लागले. आधी तो चिडायचा. नंतर दिवसभरात तो फोन आला नाही की त्याला चुकल्या-चुकल्यासारखं व्हायचं.

मग तो घोटाळा झाला. डेटाबेसला जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारायचे असतात ते आधीच तयार करून, त्यांना नाव देऊन ठेवतात. त्याने तलावासाठी एक प्रश्न करून ठेवला होता, कुठल्या वेळेला जागा रिकामी आहे ते शोधायचा. त्याचं नाव 'शोध'. तिने पुस्तकं शोधायचा प्रश्न केला. तिनेही नाव दिलं 'शोध'. दोघांनीही एकमेकांना विचारलं नाही. घर एकच, त्यामुळे एका नावाचा एकच प्रश्न उरला. तो तिचा. तो मागून आला होता.

सकाळी तलावावरच्या पोहायला शिकवणाऱ्या मास्तरांचा फोन आला.

"अहो होणार-नाही, आमच्याकडे हे काय चाललंय? माणसं सकाळची वेळ मागतायत आणि तुमचं पान सांगतंय, 'समुद्रातले मासे, दोन प्रती शिल्लक'!"

"बघतो, बघतो."

"एक बाई येऊन उभ्या आहेत माझ्यासमोर. त्यांना 'एकटेपणावर उपाय' मिळालंय. सात दिवसांत परत करा असंही लिहिलंय. मी काय करू, पाण्यात सोडू त्यांना की नको?"

ती शेजारीच बसली होती. फोनमधलं सगळं तिला ऐकू येत होतं. ती हसून हसून खुर्चीवरून घसरायची बाकी होती. त्याच्या तोंडचं पाणी पळालं होतं आणि हिला हसू आवरेना. शेवटी त्यालाही फुटलं. दोघंही डोळे पुसत बसले आणि मास्तर फोनवर "हॅलो, हॅलो" करत राहिले.

"तू नाव विचारून ठेवायचंस ना," तो म्हणाला.

हसणं थांबलं. तिने त्याच्याकडे बघितलं. त्यालाही मग कळलं की आपल्या तोंडून 'तू' गेलंय.

"मी... म्हणजे तुम्ही—"

"राहू दे आता," ती म्हणाली. "एकदा लागलं की सगळीकडे लागतं. परत काढता येत नाही."

त्या संध्याकाळी तो तिला वाचनालयापर्यंत सोडायला गेला. मग रोजच जाऊ लागला. वाचनालय बंद व्हायच्या वेळी ती खुर्च्या टेबलाखाली सरकवायची. तो पलीकडच्या बाजूने सरकवायचा. दोघांची मधल्या टेबलापाशी गाठ पडायची. खुर्च्या सरकवण्याइतकं सुंदर काम जगात दुसरं नसेल, असं त्याला तेव्हा वाटायचं.

एका संध्याकाळी मधल्या टेबलापाशी तो थांबला. "मला तुला एक विचारायचंय."

"होणार नाही."

"अगं, अजून विचारलंही नाही!"

"कसं वाटतं ते कळू दे म्हटलं. दोन शब्दांत उत्तर मिळालं की." पण तिचा हात खुर्चीच्या पाठीवर होता, आणि त्याचा हात तिथे आला तेव्हा तिने तो काढून घेतला नाही. "विचार आता."

त्याने विचारलं. सरळच विचारलं, त्याला वेगळं काही येत नव्हतं. तिने ती खुर्ची टेबलाखाली सरकवली.

"मी येईन," ती म्हणाली. "पण एकटी येणार नाही. आई आहे."

तिचे वडील ती लहान असतानाच गेले होते. आईने शिवणकाम करून तिला वाढवलं होतं. आता आईचे सांधे धरले होते.

"आईंना भेटायला आपण दर आठवड्याला जाऊ की," तो म्हणाला. "हवं तर मध्ये एकदा—"

"म्हणजे मी मुलगी आठवड्यातून एकदा व्हायचं? ठरावीक वेळेला, ठरावीक खोलीत?" तिचा आवाज चढला नाही, उलट उतरला. "तसं लागत नाही रे. खोलीपुरतं लागत नाही, तूच शिकवलंयस मला. मी असेन तर सगळ्या घराला असेन. आईसकट."

"मग आईंना आमच्याकडे आणू."

"तुझे बाबा?"

"बाबांना काय... बाबा चांगले आहेत."

बाबा चांगलेच होते. तिची आईही चांगली होती. दोघांना एकत्र जेवायला बसवलं तेव्हा काय ते कळलं.

त्याची आई गेल्यापासून घरात तो आणि बाबा दोघंच. बाबांचा जन्म छापखान्यात गेलेला. यंत्रांच्या खडखडाटात उभं राहून कानांची वाट लागली होती, त्यामुळे ते शेजारच्या माणसाशी बोलायचे ते गल्लीच्या टोकाच्या माणसाशी बोलल्यासारखे. आणि शाईच्या वासात दिवस काढलेले, म्हणून घराच्या सगळ्या खिडक्या सताड उघड्या हव्यात. तिच्या आईला वाऱ्याची झुळूक आली की गुडघ्यात कळ उठायची, आणि शिवणयंत्राच्या सुईचा आवाज ऐकत जन्म गेल्याने कान इतके तिखट की पलीकडे भांडं ठेवलं तरी त्या दचकायच्या.

"हवा येऊ द्या जरा!" बाबांनी खिडकी उघडली.

आईंनी शाल ओढून घेतली. "ही हवा आहे की वादळ?"

"काय म्हणालात?"

"काही नाही म्हटलं."

"मोठ्याने बोला हो! पुटपुटायला हे काही वाचनालय नाही!"

"आणि ओरडायला हा छापखाना नाही."

आई उठून खिडकी लावायच्या. बाबा हात धुवायला म्हणून उठायचे आणि येता येता ती उघडून यायचे. ताटातलं गार होऊन गेलं. तो आणि ती एकमेकांकडे बघत होते, आणि त्या बघण्यात आता हसू नव्हतं.

जाताना आई तिला म्हणाल्या, आणि तिने ते नंतर त्याला सांगितलं, "मुलगा गुणाचा आहे. पण त्याच्या बापाच्या घरात माझा आठवडासुद्धा निघायचा नाही." तिकडे बाबा म्हणत होते, "पोरगी लाखात एक आहे रे. पण तिच्या आईसमोर मला श्वास घ्यायचीसुद्धा परवानगी काढावी लागेल." एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत, हे लहानपणापासून त्याने ऐकलं होतं. त्या तलवारी अशा सांधेदुखीच्या आणि बहिऱ्या असतील असं मात्र वाटलं नव्हतं.

त्यानंतर ती कमी येऊ लागली. मग एका दुपारी जिन्यात तिने सांगितलं. लांबच्या एका मोठ्या वाचनालयाने तिला बोलावलं होतं. राहायला जागाही देणार होते, तळमजल्यावर, आईला चढ-उतर नको अशी.

"कधी सांगायचंय त्यांना?"

"या शनिवारी."

"आणि तू काय सांगणार?"

"तू सांग ना," ती म्हणाली. "तू मला सांग, मी काय सांगू." तिने डबा उघडलाही नव्हता. तो तसाच घेऊन ती उतरली.

तो यंत्रासमोर जाऊन बसला. हिरवे दिवे लुकलुकत होते. तलाव, गाण्याची शाळा, वाचनालय, सगळे त्या एका घरात दाटीवाटीने बसलेले. हे एक घर सोडून आपल्या डोक्यात दुसरं काहीच कसं आलं नाही, असं त्याच्या मनात आलं. आणि तो ताडकन उठला. म्हणजे आलं होतं. कधीचंच आलं होतं. ते तर त्याला पहिल्या दिवसापासून माहीत होतं.

तो पोचला तेव्हा ती कपाटांच्या रांगेत उभी राहून पुस्तकांवरची धूळ फडक्याने पुसत होती. बाहेर पावसाची बारीक सर लागली होती आणि काचेवर पाण्याच्या रेघा उतरत होत्या.

"एक सांगायचं होतं," तो धापा टाकत म्हणाला. "तुझ्या डेटाबेसचं."

"डेटाबेसचं?" तिच्या चेहऱ्यावरचं काहीतरी विझल्यासारखं झालं. "बोल."

"एका यंत्रावर दोन घरं ठेवता येतात. दोन वेगळे पत्ते. बाहेरून येणाऱ्याला वाटतं दोन वेगळी यंत्रंच आहेत. आणि प्रत्येक घराच्या दारावर आपापली ओळ लिहिता येते. वाचनालयाला स्वतःचा पत्ता दिला, तर स्वतःचा डेटाबेस जोडता येतो. कोणाशी नाव जुळायला नको, काही नको."

ती फडकं हातात धरून बघत राहिली. "हे तुला आज सुचलं?"

"नाही."

"मग कधी?"

"माहीतच होतं... आधीपासून."

"आधी म्हणजे कधी?"

"तू जिना चढून आलीस ना... तेव्हापासून."

"आणि मी इतके महिने तो जिना चढत होते?"

"हो."

"पावसात?"

"हो."

"का नाही सांगितलंस?"

"सांगितलं असतं तर... तू दुसऱ्या दिवशी आली नसतीस."

तिने फडकं त्याच्या अंगावर फेकलं. त्याच्या खांद्यावर धुळीचा ठिपका उमटला. "तू होणार-नाही नाहीस," ती म्हणाली. "तू लबाड आहेस. वरून भोळा आणि आतून नुसता लबाड!" ती रागावली होती की रडत होती की हसत होती, ते त्याला त्या वेळी कळलं नाही. बहुतेक तिन्ही.

"मग आता का सांगतोयस? मी जाणार म्हणून?"

"नाही. म्हणजे हो. म्हणजे... आपणही तेच करू. एका मजल्यावर शेजारी-शेजारी दोन घरं. एक आईंचं, एक बाबांचं. दोन दारं, दोन पत्ते. खिडक्या ज्याच्या त्याच्या. बाबांनी पाहिजे तेवढं वारं खावं, आईंनी पाहिजे तेवढं दार लावून बसावं. कोणाला कोणाची ओळ लागणार नाही."

"आणि यंत्र?"

"यंत्र एकच. आपण."

ती खाली बघत होती. "आणि आपण राहायचं कुठे?"

"दोन्हीकडे."

"म्हणजे एवढंसं मीठ द्यायचं तरी जिन्याच्या चौकात जायचं, बेल वाजवायची..."

"मधल्या भिंतीत दार पाडू."

काचेवरची एक रेघ पार खालपर्यंत गेली. तिने हात पुढे करून त्याच्या खांद्यावरची धूळ झटकली, आणि झटकून झाल्यावरही हात तिथेच ठेवला.

"होणार?" तिने विचारलं.

"होणार," तो म्हणाला.

लग्न साधंच झालं. वाचनालयाला स्वतःचा पत्ता मिळाला. परवानगी काढायला तो स्वतः दोन-तीनदा वरच्या साहेबांकडे जाऊन बसला. आणि त्यांना तळमजल्यावर शेजारी-शेजारी दोन घरं मिळाली, जुनीच, पण भिंती जाड. बाबांच्या घरात वाऱ्याने पडदे फडफडायचे, आईंच्या घरात शांतता असायची. ती दिवसभर दोन्हीकडे असायची. सकाळचा चहा एकीकडे, रात्रीचं जेवण दुसरीकडे. वाढलेली ताटं घेऊन ती जिन्याच्या चौकातून कोपराने दार ढकलत जायची तेव्हा तो पुढे होऊन दार धरायचा, आणि ती जाता जाता म्हणायची, "बघ, पुन्हा तेच. मी चढतेय आणि तू बघतोयस."

"चढ कुठे आहे? सपाट तर आहे."

"तुझ्याशी संसार करणं म्हणजे चढच आहे."

गंमत दोघा म्हाताऱ्यांची झाली. बाबांना चहाची तलफ आली की ते मधल्या भिंतीवर मूठ आपटायचे. पलीकडून आई चमच्याने टकटक करून 'ठेवते' म्हणून सांगायच्या. ते बाबांना अर्थातच ऐकू यायचं नाही, ते पुन्हा आपटायचे. मग आई शाल गुंडाळून, गुडघे धरत, चौकातून त्यांच्या दारात जाऊन उभ्या राहायच्या.

"अहो व्याही, उत्तर ऐकू येत नाही तर ठोकता कशाला?"

"तुम्ही येता ना," बाबा म्हणायचे. "म्हणून ठोकतो, विहीणबाई."

हे ऐकून ती आत स्वयंपाकघरात त्याच्याकडे बघायची आणि भुवया उडवायची. "घराणंच लबाड," हळूच म्हणायची.

दाराचं मात्र लांबत गेलं. गवंडी येऊन माप घेऊन गेला. भिंतीवर दोन्ही बाजूंनी पेन्सिलने चौकट आखून गेला. मग दार कोणत्या बाजूला उघडायचं यावरून वाद. बाबा म्हणाले, आमच्या बाजूला उघडलं तर वारं तिकडे जाईल म्हणून विहीणबाई बोलणार. आई म्हणाल्या, माझ्या बाजूला उघडलं तर यांचं बोलणं इकडे येणार. ती म्हणाली, सरकतं करा. ते ठरेपर्यंत थंडी आली. थंडीत धूळ उडाली तर आईंना खोकला होईल म्हणून उन्हाळ्यावर गेलं. उन्हाळ्यात गवंडी दुसऱ्या कामात होता. "होईल रे," ती म्हणायची, "ताटं न्यायची सवय झालीय मला. दार झालं तर तू माझ्यासाठी दार कसं धरशील?"

मग तिला तो ताप आला. साधाच होता, असं सगळे म्हणत होते.

तिचे दिवस झाल्यानंतर आईंनी आपली पेटी बाहेर काढली. भाच्याकडे जाते म्हणाल्या. जिच्यामुळे इथे आले ती नाही, आता कुठल्या नात्याने राहू? तो पेटीसमोर उभा राहिला. त्याला चांगलं बोलता येत नव्हतं, आजही आलं नाही. "आई," तो म्हणाला, "ती सगळ्या घराला लागली होती. ती गेली म्हणून ते निघत नाही."

पलीकडून बाबांनी भिंतीवर मूठ आपटली. दोनदा. आईंनी पेटीवरचा हात काढला, शाल अंगावर घेतली आणि चौकातून त्यांच्याकडे गेल्या. जाऊन म्हणाल्या, "आले हो, आले. भिंत पाडाल."

आता ताटं तो नेतो. एक हातात, एक कोपरावर. चौकात आलं की कोणी दार धरायला नसतं, म्हणून ताट खाली ठेवून आधी दार उघडावं लागतं. बाबांना वाढतो, मग आईंना, मग ज्या घरात त्या दिवशी बसेल तिथे स्वतः खातो. गवंड्याला निरोप पाठवायला हवा, असं आई परवा म्हणाल्या. बाबांनी दोनदा विचारून घेतलं काय म्हणाल्या ते, आणि मान हलवली. दार सरकतंच करायचं, यावर आता दोघांचंही एकमत आहे.

निरोप अजून पाठवलेला नाही. भिंतीत दार पाडायचं राहिलं आहे.